हलक्या लादीचा दर्जा तिच्या थरांवरून ओळखा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी रेझिनचे (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या द्रवाचे) थर चढवून बनवलेल्या, दिसायला ग्रॅनाइटसारख्या पण वजनाला हलक्या लाद्यांविषयी दोन टोकांची मते सर्रास ऐकू येतात. विकणारा सांगतो, ‘दगडच समजा, वर काहीही ठेवा.’ एकदा फसलेला ग्राहक म्हणतो, ‘हलके म्हणजे तकलादू.’ ज्यांच्या हाताखालून हे काम रोज जाते त्या आम्हा कारागिरांना ही दोन्ही मते चुकीची वाटतात. लादी टिकणार की वर्षभरात तडकणार, याचा तिच्या वजनाशी फारसा संबंध नाही. कोणता थर किती जाडीचा दिला आणि एका थरावर दुसरा किती वेळाने चढवला, यावर सगळे अवलंबून असते. लादी एकदा बसली की हे थर कोणाला दिसत नाहीत, म्हणून हे पत्र.

आधी वजनाचा हिशेब. ग्रॅनाइटची घनता पाण्याच्या सुमारे २.६५ पट असते, म्हणजे २० मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटर लादीचे वजन ५३ किलो. क्वार्ट्‌झची कृत्रिम लादी त्याच जाडीत ४८ किलोच्या आसपास जाते, कारण तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक क्वार्ट्‌झच असते आणि रेझिन फक्त सांधण्यापुरते. ड्युपाँ कंपनीच्या डोनाल्ड स्लोकम यांनी १९६७ मध्ये शोधलेल्या ‘कोरियन’ (Corian) या कृत्रिम लादीमध्ये साधारण एक तृतीयांश अॅक्रिलिक आणि दोन तृतीयांश अॅल्युमिनियम ट्रायहायड्रेटची भुकटी असते. ती १२ मिलिमीटरची लादी चौरस मीटरला वीस किलोच्या पुढे भरते. आता थरांची लादी पाहा : समोरचा जेलकोट (रेझिनचा पारदर्शक मुलामा) ०.५ मिलिमीटर, त्यामागे दाणेदार रंगीत थर १.५ मिलिमीटर, मग काचतंतूंच्या मॅटचा एक थर, १२ मिलिमीटरचा हलका गाभा, आणि पाठीला पुन्हा मॅटचा थर. एकूण १६ मिलिमीटर आणि चौरस मीटरला साधारण साडेपंधरा किलो. जुन्या लाकडी कपाटांवर, बोटीत, चाकांवरच्या खानपानगृहात, किंवा जिथे जिन्याने माल चढवावा लागतो तिथे हा फरक फार मोठा आहे.

लादी उलटी घडते. जी बाजू आपल्याला दिसते ती साच्यात सगळ्यात खाली असते आणि पहिली पडते. साचा मेलामाइनचा मुलामा असलेल्या बोर्डाचा, काचेचा किंवा फायबरचा असतो. त्यावर जे काही असेल, ओरखडा, धुळीचा कण, बोटाचा ठसा, ते लादीवर जसेच्या तसे उतरते. नव्या साच्याला कार्नोबा मेणाचे पाच-सहा हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळल्यावर कोरड्या फडक्याने घासून काढावा. कडेच्या सांध्यांत सिलिकॉनची गोलाई भरतात. ते सिलिकॉन पूर्ण सुकू द्यायचे आणि ज्या हाताने ते लावले त्या हाताने साच्याच्या पृष्ठभागाला शिवायचे नाही. सिलिकॉनचा नुसता पुसट हात लागला तरी तेवढ्या जागी जेलकोट सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

खरे काम जेलकोटपाशी आहे. ओट्यासाठी आयसोफ्थॅलिक-एनपीजी (थोडक्यात आयसो-एनपीजी) या पॉलिएस्टर रेझिनच्या जातीचाच जेलकोट वापरावा. साधा ऑर्थोफ्थॅलिक (ऑर्थो) स्वस्त पडतो, पण गरम पाणी आणि डाग त्याला सोसत नाहीत. एका चौरस मीटरला अर्धा मिलिमीटर म्हणजे ६०० ग्रॅम जेलकोट लागतो. फवारताना काही हवेत आणि कडेला जातो, म्हणून ७५० ग्रॅम घ्यावा आणि त्यात दोन टक्के, म्हणजे १५ ग्रॅम, एमईकेपी हे रेझिन घट्ट करणारे हार्डनर वजनकाट्यावर मोजून घालावे. बुचाने किंवा अंदाजाने घातलेले हार्डनर हा निम्म्या बिघाडांचा उगम आहे, असे आम्ही अनुभवाने म्हणतो. खोलीचे तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान हवे. १५ अंशांच्या खाली रेझिन वरून घट्ट दिसते पण आतून कच्चे राहते, आणि हार्डनर वाढवून ही कसर भरून निघत नाही.

फवारा एकदम द्यायचा नाही. आडवा, उभा, पुन्हा आडवा असे तीन हलके हात द्यायचे आणि दात असलेली जाडीमापक पट्टी ओल्या थरात टेकवून पाहायची. जाडी ०.३ मिलिमीटरच्या खाली गेली की पंचाईत. इतक्या पातळ थरात रासायनिक क्रियेची उष्णता साठत नाही, त्यातले स्टायरीन (रेझिन पातळ ठेवणारे द्रव) हेही उडून जाते, आणि जेलकोट अर्धवट पिकतो, म्हणजे पुरता घट्ट होत नाही. मग मागून पडणाऱ्या रेझिनमधले स्टायरीन त्याला फुगवते आणि समोरची बाजू मगरीच्या कातडीसारखी सुरकुतते. हा दोष साच्यातून लादी निघेपर्यंत कळत नाही आणि निघाल्यावर त्याला उपाय नाही, लादी बाद. उलट ०.८ मिलिमीटरच्या पुढचा थर उभ्या कडांवरून ओघळतो, हवा कोंडतो आणि पुढे केसासारख्या बारीक चिरा देतो. जाड जेलकोट म्हणजे मजबूत लादी हा समज काही कारागिरांतही आहे. तो सोडून द्यायला हवा.

पुढचा थर कधी द्यायचा? घड्याळ फक्त अंदाज देते, पाऊण ते दीड तास. खरी खूण बोटाला कळते. साच्याच्या कडेला, कापून टाकायच्या भागावर, बोट टेकवायचे. चिकट लागले पाहिजे, पण बोटाला जेलकोट लागून येता कामा नये. लागून आला तर थांबा. अजिबात चिकटला नाही, किंवा रात्रभर तसाच राहिला, तर जेलकोट साच्यापासून जागोजागी सुटू लागतो आणि पुढचा थरही त्याला नीट धरत नाही.

दगडाचा भास देणारा थर म्हणजे पारदर्शक रेझिनमध्ये कालवलेले रंगीत पॉलिमरचे दाणे. साधारण साठ भाग रेझिनला चाळीस भाग दाणे. त्यासाठी चार-पाच मिलिमीटर तोंडाची हॉपर गन लागते, हवेचा दाब दोन-तीन बारच ठेवायचा, आणि गन लादीपासून दीड-दोन फुटांवर काटकोनात धरायची. तिरपी धरली की मोठे दाणे एका बाजूला पडतात आणि लादीच्या दोन टोकांचा रंग जुळत नाही. बादलीत दाणे तळाला बसतात, म्हणून दर भरणीला खालून ढवळायचे. एका ओट्याचा सगळा माल एकाच घाण्यातला असावा. आदल्या दिवशी कालवून ठेवलेला माल वापरू नये, कारण स्टायरीनमध्ये दाणे फुगतात आणि हलक्या प्रतीचे दाणे रंग सोडतात. संगमरवराच्या शिरा हव्या असतील तर हा थर दाण्यांशिवाय देतात आणि त्याआधी जेलकोटवर दाट रंगाच्या रेषा पिसाने ओढतात. ती कला वेगळी आणि त्यात शिकवण्यासारखे थोडे, सरावाचे जास्त. या थराच्या पाठीला साध्या रंगाचा एक पातळ हात द्यावा, म्हणजे गाभ्याचा पांढरेपणा आरपार दिसत नाही.

मग चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची काचतंतूंची मॅट आणि साधारण एक किलो रेझिन. धातूच्या खाचदार रोलरने हवा काढायची. जिथे मॅट पांढरी दिसते तिथे हवा आहे, आणि तीच जागा पुढे आपटली की फुटते. दाणेदार थर दीड मिलिमीटर हवा याचे एक कारण इथे आहे. तो पातळ असला तर काही आठवड्यांनी रेझिन आकसते आणि मॅटचे तंतू चकचकीत पृष्ठभागावर उमटून दिसू लागतात.

हलकेपणा येतो तो गाभ्यातून. रेझिनमध्ये काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे मिसळतात. ०.२५ घनतेचे गोळे घेतले तर वजनाने शंभर भाग रेझिनला पंधरा भाग पुरतात आणि मिश्रणाची घनता ०.८ च्या आसपास येते. पंधरा भाग कमी वाटतात, पण आकारमानाने ते मिश्रणाच्या दोन पंचमांशाहून जास्त असतात. याहून जास्त घातले की मिश्रण ओतता येत नाही, थापावे लागते, आणि थापताना हवेच्या पोकळ्या राहतात. गोळे हळू ढवळून मिसळायचे. ड्रिलला लावलेल्या वेगवान पात्याने ते फुटतात, आणि फुटलेला गोळा म्हणजे नुसती जड काचेची भुकटी. कॅल्साइट (चुनखडीची भुकटी) घालून केलेल्या जड लादीचे कारागीर या कामात आले की इथे हमखास ठेच खातात, कारण कॅल्साइटला जोरात ढवळणेच योग्य असते.

दुसरी अडचण उष्णतेची. कॅल्साइटच्या लादीत वजनाने सत्तर-पंचाहत्तर टक्के भुकटी असते. ती रेझिनची उष्णता शोषून घेते. सूक्ष्म गोळ्यांच्या गाभ्यात रेझिन भरपूर आणि गोळे स्वतः उष्णतारोधक. आत तयार झालेली उष्णता बाहेर पडत नाही, गाभा तापतो, मग थंड होताना आकसतो आणि लादी वाटीसारखी वळते. नुसते पॉलिएस्टर रेझिन पिकताना आकारमानाने सात-आठ टक्के आकसते, हे लक्षात ठेवावे. म्हणून १२ मिलिमीटरचा गाभा एकदम ओतायचा नाही. सहा-सहाचे दोन थर, हार्डनर एक टक्क्याच्या आसपास, आणि पहिला थर तापून पुन्हा हाताला कोमट लागेपर्यंत दुसरा नाही. फिलर, म्हणजे रेझिनमध्ये मिसळायची भुकटी किंवा गोळे, कोणतेही असो, ते कोरडे हवे. उघड्या पोत्यातले, दमट हवा शोषलेले फिलर वापरले की रेझिन जागोजागी मऊ राहते.

गाभ्यानंतर पाठीला पुन्हा तीच ४५० ग्रॅमची मॅट. पैसे वाचवायला पुष्कळ जण हा थर गाळतात, आणि ग्राहकाला तो कधी दिसत नाही. पण दोन्ही बाजूंना सारखा ताण असेल तरच लादी सपाट राहते. एकाच बाजूला काच असलेली लादी आज सरळ दिसली तरी उन्हाळा-हिवाळ्यात वाकते आणि सिंकच्या कडेचा सांधा उघडतो. पाठीच्या शेवटच्या हातात मेणाचे द्रावण मिसळायला विसरू नये. उघड्या हवेतला ऑक्सिजन पॉलिएस्टरचा वरचा पापुद्रा पिकू देत नाही आणि तो चिकट राहतो. मेण वर तरंगून हवा अडवते.

साच्यातून काढण्याची घाई सगळ्यांत महाग पडते. २५ अंशांना किमान चोवीस तास द्यावेत. काढल्यावर सपाट टेबलावर, सगळीकडून आधार देऊन, ६० अंशांच्या भट्टीत चार तास ठेवता आली तर उत्तम, नाहीतर बसवण्यापूर्वी आठवडाभर तशीच ठेवावी. बारकोल कठीणतामापकावर पृष्ठभाग चाळिसाच्या पुढे गेला की पॉलिशला घ्यावा, २२० च्या कागदापासून वर चढत. घरात बसवल्यावर आठवडे रेझिनचा उग्र वास येत राहिला तर ती लादी कच्ची निघाली, असे समजायला हरकत नाही.

बसवताना चिरा कुठे पडतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असते : सिंकच्या आणि शेगडीच्या खाचेच्या कोपऱ्यांत. काटकोनी कोपऱ्यात सगळा ताण एका बिंदूवर येतो. कोपऱ्याची गोलाई किमान १२ मिलिमीटर त्रिज्येची हवी आणि करवतीने कापलेली कड कागदाने गुळगुळीत करायला हवी, कारण करवतीच्या दाताचा एकेक ओरखडा म्हणजे चिरेची सुरुवात. खाचेभोवती खालून ७५ मिलिमीटर रुंदीची मॅटची पट्टी द्यावी. कापल्यावर उघडा पडलेला गाभा रेझिनने बंद करावा. शेगडी आणि लादी यांच्यात सगळीकडून सहा मिलिमीटर मोकळी फट ठेवून कडेला अॅल्युमिनियमची टेप लावावी. गाभ्यात थेट स्क्रू मारू नये, तो धरत नाही. जिथे स्क्रू लागणार तिथे ओततानाच प्लायचे ठोकळे बसवावेत. लादी खालच्या कपाटाला कडक गोंदाने पक्की न करता सिलिकॉनच्या टिपक्यांवर बसवावी आणि भिंतीशी तीन मिलिमीटर जागा सोडावी. तीन मीटर लांबीची अशी लादी ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ तेवढीच वाढते.

आता गरम भांड्याबद्दल, कारण सर्वांत जास्त खोटे इथे बोलले जाते. आयसो-एनपीजी रेझिनसुद्धा ९० ते ११० अंशांदरम्यान मऊ पडू लागते, साधे ऑर्थो त्याच्याही बरेच आधी. तळणीतले तेल १८० अंशांच्या आसपास असते. ग्रॅनाइट ती उष्णता आपल्या सगळ्या जाडीत पसरवतो. हलक्या लादीचा गाभा उष्णतारोधक, म्हणून सगळी उष्णता समोरच्या दोन मिलिमीटरमध्येच अडकते. म्हणजे हलकी लादी या बाबतीत जड कृत्रिम लादीपेक्षाही नाजूक आहे. गॅसवरून उतरवलेले भांडे तिच्यावर थेट ठेवू नये, दोन मिनिटांसाठीही नाही. दाणेदार थरात अॅल्युमिनियम ट्रायहायड्रेट असेल तर आग लवकर पकडत नाही, कारण २०० अंशांच्या पुढे ते वजनाच्या सुमारे ३५ टक्के पाणी सोडते. पण तो आगीपासून बचाव आहे, डागापासून नव्हे. हे विक्रेत्याने आधी सांगावे, तक्रार आल्यावर नव्हे.

याच नावाखाली आणखी एक प्रकार विकला जातो : भुशाच्या किंवा एमडीएफच्या बोर्डावर वरून दाणेदार रेझिन फवारायचे, घासायचे, झाले. दिसायला तो तितकाच चांगला असतो आणि कोरड्या जागी, टेबलासाठी, वापरायला काहीच हरकत नाही. ओट्यावर मात्र बोर्डाच्या सहाही बाजू आणि प्रत्येक खाचेची कड रेझिनने बंद केलेली असली पाहिजे. नळाच्या भोकाची एक कड उघडी राहिली तरी बोर्ड पाणी पितो, फुगतो आणि वरचा थर फोडतो.

काम करणाऱ्यांच्या जिवाबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. एमईकेपी आणि कोबाल्ट एक्सलरेटर (रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचे द्रावण) हे दोन कधीही थेट एकत्र येता कामा नयेत, स्फोट होतो. कोबाल्ट आधीच मिसळून आलेले रेझिन घ्यावे आणि दोन्ही बाटल्या एका कपाटात ठेवू नयेत. एमईकेपीचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्म्याशिवाय बाटली उघडू नये, आणि उडालाच तर त्या क्षणी वाहत्या पाण्याखाली डोळा धरून किमान पंधरा मिनिटे धुवावा, मग दवाखाना. बादलीत उरलेले हार्डनर घातलेले रेझिन तसेच ठेवले की तापून धूर सोडते, त्यावर पाणी ओतून ते उघड्यावर ठेवावे. स्टायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले आहे. फवाऱ्याच्या खोलीत कापडी मास्क निरुपयोगी आहे, सेंद्रिय वाफेची डबी असलेला मास्क आणि हवा बाहेर ओढणारा पंखा लागतो.

क्वार्ट्‌झच्या लाद्या कोरड्या कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने तरुण कामगारांची फुप्फुसे गेली, आणि ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तशा लाद्या बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. थरांच्या लादीत क्वार्ट्‌झ घालण्याची गरजच नसते, आणि आमच्या मते ही तिची हलकेपणाहूनही मोठी जमेची बाजू आहे. तरीही तिची धूळ निरुपद्रवी मानू नये. रेझिन, काच आणि भुकटी फुप्फुसात जाऊ नयेच. पाणी मारून घासणे आणि धूळ ओढणारे यंत्र इथेही हवे.

उत्पादकांकडे आमची एक मागणी आहे. प्रत्येक लादीच्या पाठीवर ओतल्याची तारीख, रेझिनची जात, समोरच्या थराची जाडी, गाभ्याचे फिलर आणि किती तापमानापर्यंत वापरावी ते लिहिलेले असावे. ज्याने थर नीट दिले त्याला हे लिहायला एक मिनिट लागते.

तोपर्यंत ग्राहकांनी सिंकच्या खाचेतून निघालेला तुकडा मागून घ्यावा. तो त्यांचाच आहे आणि बहुतेक वेळा कचऱ्यात जातो. त्याच्या कापलेल्या कडेवर सगळे उघड असते. समोर दोन मिलिमीटरचा रंगीत थर सगळीकडे सारखा आहे का, त्याच्या मागे आणि पाठीलाही काचतंतूंची रेघ दिसते का, गाभ्यात वाटाण्याएवढ्या पोकळ्या आहेत का, हे पाहावे. ४० सेंटिमीटरच्या चौरस तुकड्याचे वजन अडीच किलोच्या जवळ यावे. पाच किलोच्या पुढे भरले तर गाभा कॅल्साइटचा आहे, हलक्या लादीचा नाही. पाठीवर अॅसिटोनचा बोळा अर्धा मिनिट घासावा. पाठ मऊ किंवा चिकट झाली तर रेझिन पिकलेले नाही, आणि लादी बसवून घेण्याआधी काम थांबवायला सांगावे.

आपले,
रेझिनकामातील काही कारागीर